गावकुसाबाहेरचे घर

संत चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर असता, इ. स. १३३८ मध्ये ते कूस कोसळून गेले. ज्या गावाची भिंत ते बांधीत होते, तिच्या आत त्यांना घर नव्हते.

पुढे गाडगेबाबांनी चोखोबांच्याच नावे पंढरपुरास धर्मशाळा उभारली. ज्या वारकऱ्यांना अस्पृश्य म्हणून कोणी उतरू देईना, त्यांना तिथे आसरा मिळाला. १९४९ साली बाबांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली.

आता आपले मालेगाव पाहा. मोसमच्या पूर्वेस बहुतेक मुसलमान वस्ती, पश्चिमेस बहुतेक हिंदू. एका काठचा व्यापारी सूत देतो, दुसऱ्या काठचा विणकर कापड विणतो; धंद्यात नदी आड येत नाही. पूर आला म्हणजे पाणीही काठ पाहून झोपडीत शिरत नाही. मग घरकुल मागतानाच आपण काठ का पाहावा?

तेव्हा दोन्ही काठांच्या चार-चार जाणत्यांनी एकत्र बसावे. बेघरांची यादी एकच करावी, महापालिकेत बरोबरच जावे. ज्याची गरज मोठी, त्याचे नाव आधी. मग तो कोणाचाही असो.

बाबांनो, गळ्यात माळ घालून शेजाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवले, तर चोखोबांपुढे कोणत्या तोंडाने उभे राहावे?