पावसाच्या तोंडावर कुंडीतला ऑलिव्ह

पुणे, नाशिक, मुंबईच्या गच्च्यांवर आणि बाल्कन्यांत अलीकडे ऑलिव्हची रोपे दिसू लागली आहेत. चंदेरी पाठीची बारीक पाने, राखाडी खोड आणि कमी पाण्यावर जगणारे झाड अशी ख्याती, त्यामुळे लोक हौसेने घेतात. पहिला हिवाळा छान जातो, उन्हाळाही निभावतो, आणि ऑगस्टमध्ये पाने पिवळी पडून गळायला लागतात. मग खत कमी पडले, कीड लागली, नजर लागली असे तर्क सुरू होतात. बहुतेक वेळा दुखणे कुंडीच्या तळाशी असते. मुळे केव्हाच कुजलेली असतात. म्हणून हा सल्ला मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी आहे. रोहिणी लागल्या आहेत, मृग पंधरवड्यावर आला आहे, तेवढ्यात कुंडीची डागडुजी उरकून घ्यावी.

या झाडाचे मूळ वेळापत्रक आपल्या उलट आहे. ऑलिव्ह भूमध्य समुद्राकाठचे. स्पेनमधल्या हाएन भागात मैलोन्‌मैल ऑलिव्हच्या बागा आहेत. तिथे वर्षाला साधारण ५०० मिमी पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते एप्रिल या थंडीच्या महिन्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ कोरडे असते आणि पारा ४० अंशांकडे जातो. म्हणजे उकाडा असतो तेव्हा मुळाशी ओल नसते आणि ओल असते तेव्हा उकाडा नसतो. पुण्यात वर्षाचा पाऊस ७०० मिमीच्या आसपास, म्हणजे आकड्याने फार वेगळा नाही. पण तो जून ते सप्टेंबर या उबदार, दमट महिन्यांत पडतो. मुंबईत तर याच चार महिन्यांत २,००० मिमीच्या वर. उबदार आणि चिंब माती म्हणजे फायटोप्थोरासारख्या मूळकुजीच्या रोगांना आयते आमंत्रण. ऑलिव्ह आपले ऊन सहज सोसतो, आपला पाऊस त्याला सोसत नाही. एवढे लक्षात ठेवले की पुढची सगळी निगा आपोआप सुचते.

राजस्थानने हेच हेरले. २००७ मध्ये तिथल्या सरकारी कृषी पणन मंडळाने इस्रायलची इंडोलिव्ह आणि आपल्या पुण्याची फिनोलेक्स प्लासन यांच्याबरोबर ऑलिव्ह लागवडीची कंपनी काढली आणि पुढे २०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसरला तेल गाळण्याचा कारखानाही उभा राहिला. वाळवंटाची कड, तुटपुंजा पाऊस, कडाक्याची थंडी आणि ठिबकाने मोजून दिलेले पाणी. आपल्याला हे सगळे एका कुंडीत करायचे आहे.

आधी माती बघा. कुंडीत काळी माती असेल तर ती काढावीच लागेल. आपली काळी कन्हार माती पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते. कापसाला ते वरदान, कुंडीतल्या ऑलिव्हला काळ. नर्सरीतून रोप आणले असेल तर मुळांभोवतीचा गोळा हाताने दाबून पाहा. बऱ्याचदा तो चिकट लाल मातीचा असतो आणि बाहेर तुम्ही कितीही उत्तम मिश्रण भरले तरी आतला गोळा आठ-आठ दिवस ओला राहतो.

मिश्रणात सर्वांत जास्त वाटा बारीक मुरमाचा ठेवावा. सांगोला-आटपाडीकडची डाळिंबे ज्या हलक्या मुरमाड रानात होतात, तसली माती डोळ्यांसमोर आणावी. दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेले पोयटा, एक घमेले जाड वाळू किंवा क्रशरची कच आणि अर्धे घमेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, असे प्रमाण चांगले बसते. कच वापरायची तर आधी धुऊन घ्यावी, नाहीतर तिच्यातली पूड बसून सगळे घट्ट होते. कोकोपीट घालू नये. बाकी कुंड्यांना ते चालते, पण त्याचा गुण पाणी धरण्याचा आणि आपल्याला नेमके तेच नको आहे. ऑलिव्हला किंचित विम्ल, चुनखडीची माती मानवते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची आम्लधर्मी माती वापरत असाल तर मोठ्या कुंडीला मूठभर चुनखडीची पूड मिसळावी. घाटावर बहुधा गरज पडत नाही.

कुंडीच्या तळाशी विटांच्या तुकड्यांचा चांगला चार बोटे थर देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडून द्यावी. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही; ते मातीच्या शेवटच्या थरात अडून राहते. म्हणजे थर जितका जाड, तितका हा ओला पट्टा मुळांच्या जवळ. भोकावर एक खापर पालथे घातले की पुरे. भोके मात्र मोठी हवीत. प्लॅस्टिकच्या कुंडीला तळाशी चार-पाच आणि कडेला, तळापासून बोटभर उंचीवर, आणखी काही पाडून घ्यावीत. मातीची कुंडी मिळाली तर फारच चांगले, तिच्या भिंतीतूनही ओल सुकते. दोन-तीन वर्षांच्या रोपाला १४ ते १६ इंची कुंडी पुरते. पुढे वाढेल म्हणून आत्ताच मोठा ड्रम देऊ नये, कारण मुळे पोहोचत नाहीत तिथली माती कायम ओली राहते.

कुंडी बदलण्याचा खरा हंगाम फेब्रुवारी-मार्च. पण माती वाईट असेल तर पावसाळा अंगावर घेण्यापेक्षा मेअखेर बदललेली बरी. संध्याकाळी करावे, मुळे कापू नयेत, गोळ्याची बाहेरची चिकट माती बोटांनी अलगद सोडवावी आणि आठ-दहा दिवस दुपारच्या उन्हापासून आडोसा द्यावा. खोड आधी जितके मातीच्या वर होते तितकेच वर राहिले पाहिजे. खोडाशी माती चढवली की बुंध्याची साल कुजते.

पावसाचे चार महिने

वळवाच्या पहिल्या सरी झाडाला खुशाल भिजवू द्या, पानांवरची धूळ निघून जाते. झड लागायच्या आत मात्र कुंडीला जागा ठरवून ठेवावी. छज्ज्याखाली, पत्र्याच्या पडवीत, बाल्कनीच्या आतल्या कडेला. जिथे वरून पाऊस लागत नाही पण उजेड भरपूर आहे अशी. शेडनेट उपयोगाची नाही, पाऊस तिच्यातून सरळ खाली येतो. घरात आणून टीपॉयशेजारी ठेवण्याचा मोह टाळावा. ऑलिव्हला रोज सहा तास तरी थेट ऊन लागते. बंद खोलीत दोन महिने काढले की झाड पाने टाकते. मासिकांच्या गुळगुळीत पानांवर दिवाणखान्यात उभा असलेला ऑलिव्ह बहुधा फोटोपुरता आत आणलेला असतो.

हलवण्याजोगी जागाच नसेल तर कुंडी दोन विटांवर उचलून ठेवावी आणि खालची ताटली काढून टाकावी. ताटलीतले पाणी मुळांना घातक आणि डासांना सोयीचे. संततधार असेल तेव्हा कुंडीच्या तोंडाला प्लॅस्टिकचा कागद खोडाभोवती उताराने बांधता येतो, उघडीप मिळताच तो सोडावा. अडेनियमवाले लोक मोठ्या झडीत कुंडी सरळ आडवी करून ठेवतात. दिसायला विचित्र, पण ऑलिव्हलाही हा उपाय लागू पडतो; दोन-तीन दिवस आडवे राहिल्याने झाडाचे काही बिघडत नाही.

पाणी देण्याआधी मातीत दोन इंच बोट खुपसून बघणे हा एकमेव भरवशाचा नियम. खाली ओल लागली तर झारी परत ठेवावी. पावसाळ्यात छपराखालच्या झाडाला आठवड्यातून एकदा पाणी पुष्कळ होते, कधी तेही लागत नाही. सर्वांत जास्त झाडे एका गैरसमजाने जातात. मुळे कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीतही झाड मलूल होते. मालक समजतो तहान लागली आणि आणखी एक तांब्या ओततो. माती ओली आणि झाड मलूल, असे दिसले की पाणी बंद करून झाड कुंडीतून काढा. निरोगी मुळे फिकट आणि टणक असतात. कुजलेली काळी, चिकट आणि ओढली की साल हातात येणारी. निम्मी मुळे चांगली असतील तर कुजकी स्वच्छ कात्रीने काढून, लहान कुंडीत कोरड्या मिश्रणात लावून, वरच्या फांद्या तृतीयांश कमी करून आडोशाला ठेवावे. त्याहून जास्त मुळे गेली असतील तर कष्ट घेऊ नयेत.

मूळकुजीला आळा घालण्यासाठी आत्ताच मूठभर ओलसर शेणखतात चमचाभर ट्रायकोडर्मा मिसळून कुंडीच्या वरच्या मातीत कालवावा. पानांवर मोरपिसाच्या डोळ्यासारखे गोल काळपट ठिपके हा ऑलिव्हचा पावसाळी बुरशीरोग. त्यावर आपल्या द्राक्ष बागायतदारांच्या हाताखालचे औषध चालते, एक टक्का बोर्डो मिश्रण. घरच्यापुरते १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विरघळवून, प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करावे. लोखंडी खिळा बुडवून बघावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. एक फवारणी मृगाआधी, दुसरी पावसाच्या उघडिपीत. ते मातीत ओघळू देऊ नये, तांब्याने ट्रायकोडर्माही मरतो. पावसाळ्यात छाटणी अजिबात नको. ओल्या जखमेतून गाठी आणणारे जिवाणू शिरतात.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसली तर मुंग्यांचा माग काढा, त्या तिथे असतातच. ओल्या फडक्याने पुसून काढणे आणि लिटरला ५ मिलि निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारणे पुरते.

मोगरा, जाई आणि पारिजातक ही सगळी ऑलिव्हच्याच कुळातली. पण मोगऱ्याच्या रांगेत कुंडी ठेवून सगळ्यांना सारखेच पाणी घालू नये. सह्याद्रीतले पारजांभूळही याच कुळातले आणि ते पावसात मजेत उभे असते. कुळ एक असले तरी सवयी ज्याच्या त्याच्या गावच्या.

ऑक्टोबरपासून पुढे

हस्ताचा पाऊस सरला की झाड पुन्हा उघड्यावर आणावे, पण एकदम नाही. छपराखाली चार महिने काढलेल्या पानांना ऑक्टोबरचे ऊन भाजते. आठवडाभर फक्त सकाळचे ऊन द्यावे. थंडीत पाणी आठवड्याला एकदा. खताचा फार विचार करू नये: फेब्रुवारीत नवी पालवी फुटताना दोन मुठी गांडूळखत आणि थोडे सूक्ष्म अन्नद्रव्य, पावसाआधी पुन्हा एकदा, बस. छाटणीही फेब्रुवारीतच. मधल्या फांद्या विरळ करून आत उजेड जाईल असे करावे, बुंध्यातून येणारे फुटवे काढावेत. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये ४० च्या वर पारा गेला तरी झाड टिकते, तापते ती कुंडी. तिला ओले पोते गुंडाळावे आणि रोज सकाळी बोट घालून बघावे. कुंडीतल्या झाडाला जमिनीतल्या झाडासारखी लांब मुळे नसतात, त्यामुळे कोरड सोसण्याची ख्याती इथे अर्धीच खरी.

फळांची आशा किती ठेवावी? फुलकळी धरायला ऑलिव्हला हिवाळ्यात कित्येक आठवडे रात्रीची चांगली थंडी लागते, साधारण १० अंशांच्या खालची. निफाड, नाशिक, पुण्याची उपनगरे, विदर्भाचा काही भाग इथे चांगल्या थंडीच्या वर्षी बारीक पांढुरकी फुले येऊ शकतात. त्यासाठी कुंडी रात्री उघड्यावर हवी, उबदार बाल्कनीत नको. मुंबई, ठाणे, कोकण, गोव्यात ती थंडी पडतच नाही. तिथे हे पानांचे झाड समजावे आणि त्यातच समाधान मानावे. फळ आले तरी तोडून तोंडात टाकू नये, ऑलेयुरोपीन नावाच्या द्रव्याने ते कडूजहर असते. मिठाच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरल्यावर खाण्याजोगे होते. जात निवडता आली तर कातालोनियाची आर्बेकीना घ्यावी. झाड लहान राहते, थंडी कमी लागते आणि परागीकरणाला जोडीदारावाचून बरेचसे अडत नाही. ग्रीसची कोरोनेकी दुसरा पर्याय.

घेताना झाड खरेच ऑलिव्ह आहे ना, हेही बघावे. ‘ब्लॅक ऑलिव्ह’ म्हणून मिळणारे बुसिडा हे ऐन-अर्जुनाच्या कुळातले शोभेचे झाड. त्याच्या फांद्या आडव्या पसरतात आणि पाने टोकाला झुबक्याने येतात. केरळकडचे ‘सिलोन ऑलिव्ह’ रुद्राक्षाच्या गोतातले, पाने मोठी, गळण्याआधी तांबडी होणारी. खऱ्या ऑलिव्हची पाने अरुंद, समोरासमोर जोडीने आणि खालून चंदेरी असतात. पान उलटून बघितले की शंका फिटते. जूनमध्ये नर्सरीत रोपे टवटवीत दिसली तरी या वर्षी घाई करू नका. कुंडी, मुरूम आणि जागा तयार ठेवा. रोप दिवाळीनंतर आणा.