वाडीखालचा खडक: एक अभ्यासपाठ



मागच्या उन्हाळ्यात तुमच्या देणगीतून चंदगडच्या डोंगरातल्या एका वाडीवर बोअर मारली. ती कोरडी गेली. जागा मी सुचवली होती, तीही गाडी तिथवर पोहोचते एवढेच पाहून. खाली कोणता खडक आहे हे मी कोणाला विचारले नाही. ती चूक पुन्हा होऊ नये, म्हणून आपल्या जिल्ह्याच्या खडकांचा हा छोटा पाठ.

घोंगडीच्या वळ्या

चंदगड, आजरा, गडहिंग्लज या भागात काळ्या पाषाणाखालून मधूनमधून जुना वाळूचा दगड डोकावतो. त्याला कलादगी खडक म्हणतात. हे नाव बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून पडले. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, तो याच कुळातला दगड. यातले जुने थर शंभर कोटी वर्षांहून अधिक पूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचले: वाळू, चिखल आणि चुना.

पुढे जमिनीला दोन बाजूंनी दाब बसला. घोंगडी दोन्ही टोकांकडून ढकलली की वळ्या पडतात, तसे हे थर वाकले. बागलकोटकडे या वळ्या साधारण पूर्व-पश्चिम पसरलेल्या स्पष्ट दिसतात. कालांतराने त्यांचे माथे झिजले आणि त्यावर बदामीचा वाळूचा दगड आडवा साचला. खालचे थर वाकलेले आणि वरचे सपाट, यावरूनच कळते की दाब आधी बसला आणि बदामीचा दगड नंतर आला.

हिमालयही वळ्यांचाच पर्वत आहे. पण तो सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला भिडू लागल्यावर उभा राहिला. आपल्या वळ्या त्याहून कितीतरी जुन्या, म्हणून झिजून बसक्या झालेल्या.

सह्याद्री वेगळा

आपला सह्याद्री मात्र वळ्यांचा नव्हे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर जवळजवळ आडवे बसले. हाच आपला काळा पाषाण. त्या पठाराची पश्चिमेकडची झिजलेली कड म्हणजे घाट. माथ्यावर असंख्य पावसाळ्यांत पाषाण कुजून जांभा झाला. पन्हाळ्याच्या माथ्यावर तो सर्वांनी पाहिला आहे.

पाणी कुठे थांबते?

अखंड काळ्या पाषाणात पाणी शिरत नाही. ते भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात साठते. आमची बोअर अखंड पाषाणात गेली. कलादगीच्या दगडातही पाणी भेगांतूनच मिळते, आणि थर ज्या बाजूला कललेला असतो तिकडे ते सरकते. जांभा मात्र छिद्रांचा. पावसाचे पाणी त्यातून उतरते, खालच्या चिकणमातीवर अडते आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येते.

हे सारे त्या वाडीतल्या एका आजींना ठाऊक होते. बोअरची गाडी परत गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, पाणी सड्याच्या पोटात हाय. रस्त्याला कुठलं?" वाडीचा जुना झरा गाळाने आणि झुडपांनी बुजला होता. मे महिन्यात बायका त्यातून वाटीवाटीने घागर भरत होत्या.

उत्पत्तीच्या 26व्या अध्यायात इसहाक आपल्या बापाच्या बुजवलेल्या विहिरी पुन्हा उकरतो. आम्हीही यंदा तेच करू पाहतो. दुसरी बोअर मारण्याआधी तो झरा साफ करायचा, बांधून झाकायचा आणि वरच्या सड्यावर पाणी मुरेल असे चर खणायचे. पुढे कुठेही बोअर मारण्याआधी वाडीतल्या वडीलधाऱ्यांना आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जाणकारांना विचारायचे.

काही सभासद विचारतात, "झऱ्याला कशाला पैसे?" त्यांच्यासाठीच हा पाठ लिहिला.

मंडळीत चर्चेसाठी

1. आपल्या गावाखाली कोणता खडक आहे? जुन्या विहिरी आणि झरे कुठे होते?
2. मदत करण्याआधी आपण ज्यांना मदत करतो त्यांचे ऐकतो का?

प्रार्थना: येत्या मे महिन्यात त्या वाडीच्या घागरी भराव्यात, आणि आम्हा सेवकांना ऐकण्याची नम्रता मिळावी.