तीन डब्यांची गच्ची

10 सप्टेंबर 2021, गणेश चतुर्थी. माजघरात गणपती बसलेले आणि पाटापासून हातभर अंतरावर पितळी घंगाळ ठेवलेलं. छतातून थोड्या थोड्या वेळानं एक थेंब त्यात पडत होता. आरतीच्या वेळी तो आवाज येऊ नये म्हणून सुनेनं घंगाळात जुन्या लुगड्याची घडी ठेवली. त्याच छतावर साडेतीन महिन्यांपूर्वी अडतीस हजार रुपये देऊन मी वॉटरप्रूफ कोटिंग करून घेतलं होतं. दहा वर्षांची गॅरंटी, असं मला सांगितलं होतं. पहिला पावसाळासुद्धा ते टिकलं नाही.

आमचं घर रत्नागिरीपासून दहा-बारा किलोमीटरवर. पूर्वी कौलारू होतं. सासरे होते तोवर दर वैशाखात कौलं परतली जायची, फुटकी बदलली जायची, पन्हळीतला पाला निघायचा. 1996 साली स्लॅब टाकला तो या दरवर्षीच्या कामातून सुटका व्हावी म्हणूनच. आणि सुटका झाली असं समजून पंचवीस वर्षं आम्ही गच्चीकडं पाहिलंच नाही. आमसुलं, साटं, कुरडया वाळत घालायला वर जायचो तेवढंच. कौलारू घराला निगा लागते हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असतं. स्लॅबलाही ती लागते, हे मला छत गळू लागल्यावर कळलं.

2020च्या पावसाळ्यात माजघराच्या कोपऱ्यात ओल आली. पाऊस गेला, ओल वाळली, आणि आम्ही विसरलो. दिवाळी गेली, शिमगा गेला. मे उजाडल्यावर आठवण झाली. कोरोनाच्या निर्बंधांचे दिवस, माणसं मिळेनात. त्यातच 16 मेला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं. वाडीतल्या दोन घरांचे पत्रे उडाले आणि आमची गच्ची न्हाऊन निघाली. आता मृग तोंडावर आला या धास्तीनं मी मिळेल त्या ठेकेदाराच्या मागे लागले. तो आठवड्याभरात आला. ऊन कडक होतं, गच्ची वरून खडखडीत वाळलेली दिसत होती. त्यानं खराट्यानं झाडली, पाणी मारलं, दुसऱ्या दिवशी डबे उघडले. दीड दिवसात पांढरीशुभ्र गच्ची तयार. मी समाधानानं पूर्ण पैसे दिले.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी दर्शनाला आला. सिव्हिल इंजिनिअर आहे, कोल्हापूरकडं हीच कामं करतो, गणपतीला गावी आला होता. घंगाळ पाहून म्हणाला, ''बाई, वर जाऊन बघू का?'' जाताना त्यानं माझ्याकडून हातोडी मागून घेतली.

वर गेल्यावर त्यानं दोन गोष्टी केल्या. आधी गच्चीभर हातोडीनं ठोकत फिरला. काही ठिकाणी टणक आवाज येत होता, काही ठिकाणी बद्द. बद्द आवाज आला तिथं कोबा स्लॅबपासून सुटलेला होता. मग पांढऱ्या थरावर वाटीएवढे फुगे आले होते, त्यातला एक त्यानं खिळ्यानं टोचला. आतून पाण्याची चिळकांडी उडाली. ''हे पाणी वरून आत गेलेलं नाही, बाई. हे आधीपासून आत होतं. आपण त्यावर झाकण घातलं.''

हे मला नीट समजून घ्यावं लागलं. आपल्याकडच्या जुन्या गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. उताराच्या जागी तो चार-सहा इंच जाड असतो आणि वीट पाणी धरून ठेवते. वादळाच्या पावसानं तो कोबा भरून गेला होता. आठवड्याच्या उन्हात वरचा पदर वाळला, पोटातलं पाणी तसंच राहिलं. त्यावर कोटिंग बसलं. ऊन तापलं की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट हवी असते, मग ती थर उचलते. उचललेला थर कुठंतरी फाटतो आणि तिथून पावसाचं पाणी आत शिरतं. आत शिरलेलं पाणी कोब्यातून वाट काढत जातं आणि जिथं स्लॅब कमकुवत असेल तिथं खाली टपकतं. म्हणूनच डाग माजघराच्या छतावर होता आणि पाणी शिरत होतं बारा फुटांवर, टाकीच्या पाइपापाशी. डाग पडलाय त्याच्या बरोबर वर डांबर किंवा पुट्टी थापून गळती थांबत नाही, ती यामुळंच.

त्यानं विचारलं, ''किती डबे लागले?'' तीन, वीस-वीस लिटरचे. रिकामे डबे अंगणात फुलझाडांसाठी ठेवले होते म्हणून खात्रीनं सांगता आलं. पुढचा हिशेब त्यानं मला करायला लावला, कारण मी गणिताची शिक्षिका.

गच्ची 900 चौरस फूट, म्हणजे सुमारे 84 चौरस मीटर. 60 लिटर तेवढ्या जागेवर पसरले तर चौरस मीटरला 0.71 लिटर. एका चौरस मीटरवर एक लिटर पसरलं की थर बरोबर एक मिलीमीटरचा होतो, म्हणजे ओला थर 0.71 मिलीमीटर. त्या मालात आकारमानानं घन भाग साधारण निम्मा, बाकीचं पाणी उडून जाणारं. वाळल्यावर उरला 0.36 मिलीमीटर, लग्नपत्रिकेच्या कागदाएवढा. तो किमान एक मिलीमीटर हवा होता. कठड्यावर फूटभर चढवायचा भाग धरून क्षेत्र होतं 95 चौरस मीटर. त्याला लागले असते 190 लिटर, म्हणजे दहा डबे. दहाच्या जागी तीन. वर कामगार डब्यात तांब्यानं पाणी ओतताना मी स्वतः पाहिलं होतं. ''घट्ट आहे, ब्रश चालत नाही,'' म्हणाले, आणि मला ते पटलं.

तीस वर्षं मी मुलांना क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवलं. हा गुणाकार काम सुरू होण्याआधी केला असता तर माझे अडतीस हजार वाचले असते, याचं वाईट अजून वाटतं. वाचणाऱ्यानं तरी हा हिशेब करावा. ''दोन हात मारतो, तीन हात मारतो'' या बोलण्याला काही अर्थ नाही. हात तीन असले आणि माल पाणी घालून ताणला तर थर पातळच राहणार. कंपनीच्या माहितीपत्रकात चौरस मीटरला किती माल हे छापलेलं असतं. ते आपल्या क्षेत्राशी गुणावं, तेवढे सीलबंद डबे गच्चीवर येताना मोजावेत, त्यांवरची तारीख बघावी आणि रिकामे झाल्यावर पुन्हा मोजावेत. घन भागाची टक्केवारी वजनाची आहे की आकारमानाची हेही विचारावं. वजनाचा आकडा बहुधा मोठा दिसतो, थराची जाडी मात्र आकारमानावरून ठरते.

त्याच दिवशी नवं काम सुरू करावं असं मला वाटत होतं. विद्यार्थ्यानं हात जोडले. ''आता काही करू नका. पाऊस चालू आहे तोवर फक्त बघा.'' या सल्ल्यासाठी मी त्याची कायमची ऋणी आहे. पावसाइतका चांगला तपासनीस गच्चीला दुसरा मिळत नाही. भाद्रपदातल्या उघडिपीत मी रोज वर जाऊ लागले. सरी थांबल्यावर डबकी कुठं राहतात, किती बोटं खोल, दोन दिवसांनीही वाळत नाहीत ती कोणती, हे वहीत नकाशा काढून मांडलं. चार डबकी सापडली. सगळ्यात मोठं टाकीच्या खांबांपाशी, तिथून पाणी बाहेर जायच्या तोंडाकडं उतारच नव्हता. उतार शंभराला एक तरी हवा, म्हणजे पंधरा फुटांत जेमतेम पावणेदोन इंच. तेवढाही नव्हता. पहिल्या ठेकेदारानं वापरलेलं अॅक्रिलिकचं कोटिंग साचलेल्या पाण्याखाली आठवडेच्या आठवडे राहिलं की मऊ पडतं. आमच्याकडं वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, मग डबक्याच्या जागी ते टिकणार कसं?

ऑक्टोबरमध्ये फुगलेला थर खरवडून काढला, बद्द वाजणारा कोबा फोडून उचलला आणि गच्ची तशीच उघडी ठेवली. नोव्हेंबरात दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून पाच-सहा ठिकाणी चिकटवला. किमान सोळा तास ठेवायचा. दुसऱ्या दिवशी बघितलं तर प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला थेंब. डिसेंबरातही टाकीकडच्या कोपऱ्यात थेंब. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळे तुकडे कोरडे निघाले, तेव्हा विद्यार्थ्यानं कामाला हात लावला. पाऊस थांबल्यापासून पोट वाळायला तीन महिने गेले. मे महिन्यात धावाधाव करणाऱ्याला हे तीन महिने कुठून मिळणार?

कामाचा मोठा भाग कोटिंगच्या आधीचा होता. उतार नव्यानं करून तो मुरवला. भेगा नुसत्या भरल्या नाहीत, आधी खाच कापून रुंद केल्या, झाडून काढल्या आणि मग लवचीक सीलंट भरलं. गच्ची आणि कठडा यांच्या काटकोनात पॉलिमर घातलेल्या मसाल्याचा गोलसर वाटा मारला, कारण काटकोनात थर ताणला जातो आणि तिथंच पहिल्यांदा फाटतो. पाइप जिथं स्लॅबमधून आरपार जातात तिथलं जुनं सिमेंट काढून नव्यानं भरलं. सोलरच्या स्टँडचे बोल्ट, केबलची भोकं, जिन्याच्या दाराचा उंबरा, पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाचं तोंड, एकही जागा सोडली नाही. मोकळं मैदान क्वचितच गळतं, गळतात ते कोपरे आणि भोकं. शेवटी ताराच्या ब्रशनं आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं शेवाळ, धूळ, सुटी पूड काढून पुन्हा वाळू दिलं. पुडीवर बसलेला थर पुडीसकट निघतो.

कोटिंग या खेपेला पॉलियुरेथेनचं घेतलं, वर उन्हाला टिकणारा वेगळा हात. महाग आहे. उतार नीट करता येत असेल आणि पाणी साचत नसेल तर चांगल्या अॅक्रिलिकनंही भागतं, जाडी मात्र पुरी हवी. प्रायमर दुपारी ऊन कलल्यावर मारला. सकाळी काँक्रीट तापत जातं तशी त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या थराला टाचणीएवढी भोकं पाडते. गच्ची निवायला लागली की हा त्रास होत नाही. पुढचे हात मात्र सकाळी दव पूर्ण उडाल्यावर मारले, म्हणजे संध्याकाळच्या दवाआधी थराला कातडी येते. पहिला हात ओला असतानाच वाटे आणि भेगांवर फायबरची जाळी दाबून बसवली. दुसरा हात पहिल्याला आडवा. कंगव्यासारखी दातेरी पट्टी असते, ती ओल्या थरात टेकवली की जाडी कळते. विद्यार्थी दर थोड्या अंतरावर ती टेकवत होता. या मालाला उग्र वास येतो, काही प्रकार पेट घेतात. डबा उघडा असताना जवळ विडी-काडी येऊ देऊ नये आणि काम करणाऱ्यांना हातमोजे, मास्क आपण द्यावेत.

आठ दिवसांनी पाणी बाहेर जायची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी 48 तास ठेवलं. चार हजार लिटरच्या वर पाणी विहिरीतून चढवलं. खाली मी दर दोन तासांनी टॉर्च घेऊन छत बघत होते. एकही ओला ठिपका नाही. हे पाणी साठवायच्या आधी एक खबरदारी: ज्या घराच्या छताचे पोपडे पडून गंजलेल्या सळया दिसताहेत तिथं ही चाचणीही नको आणि कोटिंगही नको. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते, वरचा थर ते थांबवू शकत नाही. तिथं आधी जाणत्या इंजिनिअरकडून स्लॅबची दुरुस्ती.

पैशांबाबत या खेपेला सगळं कागदावर घेतलं: मालाचं नाव, एकूण लिटर, वाळलेल्या थराची जाडी, पाणी साठवून चाचणी. रकमेचा चौथा हिस्सा पहिला पावसाळा पार पडल्यावर द्यायचा. विद्यार्थ्यानं ही अट स्वतःहून घातली. पहिल्या ठेकेदाराची दहा वर्षांची गॅरंटी कागदात शोधली तेव्हा ती फक्त मालाची निघाली, तीही कंपनीच्या पद्धतीनं लावला असेल तर. मजुरीचं त्यात एक अक्षर नव्हतं.

आता दर चैत्रात आणि दर दिवाळीनंतर मी वर जाते. तोंडाशी साचलेला पाला काढते, थरावर ओरखडा असेल तर डाग देऊन घेते. गच्चीवर फटाके बंद केले, ठिणगीनं थराला भोक पडतं. लोखंडी खाट, मांडवाचे बांबू वर नेऊ देत नाही. आमसुलं अजूनही तिथंच वाळतात, खाली ताडपत्री घालून. गच्चीवर पत्र्याची शेड घाला असं पुष्कळ जण सांगतात. ऐपत आणि परवानगी असेल तर जरूर घालावी. तौक्तेनं उडवलेले पत्रे पाहिल्यावर मला धीर झाला नाही.

2022पासून छत कोरडं आहे. 2025 साली मोसमी पाऊस मे संपायच्या आतच कोकणात आणि मुंबईत पोचला. मेअखेरीस काम काढलेल्या ओळखीच्या दोन घरांचे डबे अर्धे उघडे राहिले, तेव्हा मला आमचा 2021चा मे आठवला.

तुमच्याकडं ओलीचा डाग दिसत असेल तर या पावसाळ्यात पहिली उघडीप मिळाली की वही-पेन्सिल घेऊन गच्चीवर जा आणि पाणी कुठं साचलंय ते मांडून ठेवा. ठेकेदाराला फोन दिवाळीनंतर करा.