माणसासह भाड्यानें घेतलेला यांत्रिक बैल

हल्लीं कांहीं लग्नसमारंभांत, उत्सवांत व कृषि-पर्यटन केंद्रांत यांत्रिक बैल भाड्यानें आणतात. बैलाबरोबर तो चालविणारा मनुष्यहि येतो. भाडें ठरवितांना आपण बैल न्याहाळून पाहतों, मनुष्याची चौकशी करीत नाहीं. प्रस्तुत पाठांत त्या मनुष्याचा विचार करावयाचा आहे.

यंत्र कसें असतें? — हें यंत्र मूळचें अमेरिकेंतलें. तेथील रोडिओ नांवाच्या खेळांत उधळणाऱ्या वळूवर एका हातानें दोर धरून ८ सेकंद टिकावें लागतें. त्या स्वारांच्या सरावासाठीं असे बैल वापरीत. पुढें टेक्सस संस्थानांतील पॅसाडीना येथें गिलीज नांवाच्या नाचघरांत तो करमणुकीसाठीं ठेवला गेला. आणि १९८० सालीं ‘अर्बन काउबॉय’ या चित्रपटांत दिसल्यावर त्याचा बोलबाला झाला. लोखंडी सांगाड्यावर मऊ भरण व आच्छादन असतें. बैल गिरक्या घेतो व पुढें-मागें उसळतो. दोन्हींचा वेग चालक आपल्या हातांतील कळींनीं कमीजास्त करतो. भोंवतीं हवेची गादी असते. तिचा पंखा बंद पडला कीं ती बसते.

जिवंत बैल दमतो, अडून उभा राहतो. यंत्र दमत नाहीं. म्हणून कोठें थांबावें हें सर्वस्वीं चालकानेंच ओळखावें लागतें.

एक अनुभव — आमच्या आप्तांच्या घरच्या मंगलकार्यांत असा बैल आणला होता. चालक तरुण पण सावध होता. मुलांना तो संथ फिरवीत होता. यजमानांना तें मिळमिळीत वाटलें. “पैसे आम्हीं मोजले आहेत, जरा जोरांत घ्या,” असें ते दोनदां म्हणाले. चालकानें वेग वाढविला. चौदा वर्षांचा एक मुलगा गादीच्या कडेवर पडला व त्याचें मनगट मोडलें. मग यजमान चालकाकडे बोट दाखवूं लागले आणि चालक यजमानांकडे. पावती काढून पाहिली, तों तींत “यंत्र एक, दिवस एक” एवढेंच शब्द. चालकाविषयीं अक्षर नव्हतें. ती पावती मींच लिहिली होती. महसूल खात्यांत जन्म गेला असूनहि मजकडून ही चूक झाली, म्हणून हा लेख.

जबाबदारी कोणाची? — इंग्लंडांत लिव्हरपूल बंदरावर वजन उचलण्याचें यंत्र चालकासह भाड्यानें दिलें होतें. चालकाच्या हयगयीनें एक मनुष्य जखमी झाला. तो चालक भाड्यानें घेणाराचा नोकर समजावा असें करारांत असूनहि, १९४६ सालीं तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सनें यंत्राच्या मालकास जबाबदार धरलें. काय उचलावें हें भाडेकरी सांगत होता. कळ कशी फिरवावी हें सांगण्याचा अधिकार त्याला नव्हता. निकाल परक्या देशांतला असला तरी त्याची कसोटी आपल्या उपयोगाची आहे. जो कळ फिरविण्याचा हुकूम देतो, तो जबाबदारींत आपण होऊन शिरतो.

करारांत काय लिहावें? —

१. चालकाचें नांव, आणि तो मालकाचा नोकर आहे हें स्पष्ट.

२. वेग ठरविणें, थांबविणें व एखाद्यास बसूं न देणें हा अधिकार चालकाचा एकट्याचा.

३. येण्याची व परतण्याची वेळ, चालकाची विश्रांति व जेवण, आणि तो उठल्यास यंत्र बंद.

४. वीज व मांडण्याची सपाट जागा कोणी पुरवावी.

५. विमा आहे किंवा नाहीं; असल्यास त्याचा कागद स्वतः पाहावा.

प्रत्यक्ष दिवशीं — एका वेळीं एकच स्वार बसवावा. चष्मा, घड्याळ, अंगठी व खिशांतील वस्तु काढून ठेवाव्या. गर्भवती, मानेचें वा पाठीचें दुखणें असलेले, आणि मद्य घेतलेले यांस बसूं देऊं नये. गर्दीला गादीपासून दूर ठेवणें हें काम मात्र यजमानाचें.

हाच नियम चालकासह आणलेल्या ट्रॅक्टरास व मळणीयंत्रास लावावा. काम कोणतें तें आपण सांगावें. कळ मात्र ज्याच्या हातांत आहे त्याच्याच हातांत राहूं द्यावी, आणि हें पावतींत लिहून घ्यावें.