हृदय बंद पडून वाचलेल्या माणसाचं वजन



मागच्या महिन्यात तळोज्याकडच्या एका गटाची बैठक होती. वसुली झाली, अर्जांवर सह्या झाल्या. उठताना एक ताई म्हणाल्या, "आमचे हे दवाखान्यातून आले. हृदय बंद पडलेलं, शॉक देऊन चालू केलं. महिन्यात नऊ किलो उतरले. सगळे म्हणतात बरंच झालं, जाडच होते. मी पण आता एकच भाकरी देते." ती एक भाकरी ऐकून मला राहवलं नाही, म्हणून यावेळचा धडा हाच.

आधी एक फरक. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी बंद होते. माणूस छातीत दुखतंय, घाम येतोय असं सांगू शकतो. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाचा पंपच थांबतो. माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो. 14 डिसेंबर 2023 ला अभिनेते श्रेयस तळपदे यांचं तसंच झालं. मुंबईत शूटिंग करून घरी आले, त्रास होऊ लागला, पत्नी दीप्ती दवाखान्यात नेत असताना वाटेतच कोसळले. डॉक्टरांनी शॉक देऊन परत आणलं, अँजिओप्लास्टी केली. वय 47, अंगाने जाड नाहीत. म्हणजे जाड माणसालाच हे होतं, हा समज सोडा.

कोणी असं कोसळलं तर 108 ला फोन लावा आणि लगेच छाती दाबायला घ्या. यालाच सीपीआर म्हणतात. (आपल्या सीआरपी ताई वेगळ्या, बैठकीत यावर खूप हसलो!) माणसाला कडक जमिनीवर उताणं ठेवा, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात, मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटीमीटर खाली. माणूस जाड आहे म्हणून थांबू नका, फक्त लवकर दमाल, तेव्हा दर दोन मिनिटांनी दुसरीने हात घालावा.

आता वजन. आयसीयूत पडून राहिल्यावर चरबीपेक्षा आधी मांसच झडतं. दंड, मांड्या बारीक होतात, उठताना पाय लटपटतात. पोट मात्र तसंच. त्या ताईंच्या घरच्यांचं हेच झालं होतं. फार हडकुळ्या पेशंटला सावरणं जास्त जड जातं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत उपाशी ठेवून वजन उतरवायचं नाही. वरण, उसळ, अंडं, ताजी मासळी, दही हे थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. किडनीचा त्रास किंवा शुगर असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ताकद आली, डॉक्टर हो म्हणाले की चालणं वाढवायचं आणि मग पोटाचा घेर हळूहळू कमी करायचा. आपल्याकडे घेर पुरुषाचा 90 आणि बाईचा 80 सेंटीमीटरच्या आत असावा असं धरतात.

वजन एकदम वाढलं तरी सावध व्हा. हृदय अशक्त असेल तर अंगात पाणी साठतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, घोटे सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना. मीठ हे पाणी धरून ठेवतं. इथे आपली खरी अडचण म्हणजे सुकट, सुके बोंबील, पापड, लोणचं! मला स्वतःला सुकटीशिवाय जेवण जात नाही, पण पेशंटच्या ताटात ती नको.

रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करा आणि तारीख घालून लिहा. तपासणीला जाताना वही सोबत न्या, गोळ्यांचा डोस ठरवताना डॉक्टरांना ती कामाला येते. काटा घरोघरी परवडणार नाही, म्हणून त्या गटाने एक काटा घ्यायचा ठराव केलाय. सध्या तो ताईंच्याच घरी आहे. भाकरी परत दोनवर आली आहे, आणि बचतीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर वजनाचे आकडे पडायला लागलेत.