जुळ्यांची शी-शू : एक सांगते, दुसरा लपतो

प्रश्न : आमची जुळी दोन वर्षं चार महिन्यांची आहेत, मुलगी आणि मुलगा. डोंबिवली पूर्वेला वन बीएचकेमध्ये राहतो, घरात संडास एकच. मी आणि नवरा सकाळी लोकल पकडतो, दिवसभर मुलं सासूबाईंकडे असतात. मुलगी शू लागली की सांगते, कधी चड्डी ओली झाल्यावर सांगते. मुलगा मात्र पॉटवर बसवलं की अंग ताठ करून रडतो आणि डायपर घातला की कपाटामागच्या कोपऱ्यात जाऊन शी करतो. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी वर्षभरात लंगोट सुटायचे. हे सगळं डायपरने झालंय." जूनमध्ये प्लेग्रुप सुरू होईल, तिथे डायपर चालणार नाही असं सांगितलंय. दोघांना एकदमच शिकवायचं की एकेकाला? आणि एकाच दिवशी जन्मलेल्या, एकाच घरात वाढणाऱ्या दोघांत एवढा फरक कसा?
— एक आई, डोंबिवली पूर्व

उत्तर : आधी त्या कपाटामागच्या कोपऱ्याबद्दल बोलू. तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच आहे. जो मुलगा शी येतेय हे ओळखतो, हातातला खेळ सोडतो, चालत कोपऱ्यात जातो आणि तिथे पोचेपर्यंत ती धरून ठेवतो, त्याला निम्मं काम आधीच जमलंय. पोटात काय चाललंय हे त्याला कळतं, थोडा वेळ थांबवताही येतं. ही गोष्ट डायपर सोडून आणखी कुठे करता येते, एवढंच त्याला अजून पटलेलं नाही. मुलगी सांगते म्हणून ती पुढे, मुलगा लपतो म्हणून तो मागे, असं घरात ठरून गेलं असेल तर ते मनातून काढून टाका. तयार दोघंही होत आली आहेत, खुणा मात्र प्रत्येकाच्या निराळ्या.

आता फरक का, ते पाहू. मुलगा-मुलगी अशी जुळी दोन वेगळ्या बीजांपासून झालेली असतात. त्यांच्यातलं साम्य कुठल्याही सख्ख्या बहीण-भावाइतकंच, फक्त वाढदिवस एक. त्यात मुली साधारणपणे मुलांपेक्षा दोन-तीन महिने आधी शिकतात. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी आपल्याकडे येणाऱ्या १,१७० मुलांच्या नोंदी १९६२ साली प्रसिद्ध केल्या. त्यात दिवसाचं नियंत्रण आलं ते सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना, म्हणजे तुमची मुलं आज आहेत बरोबर त्याच वयाला. सरासरी म्हटली की कित्येक मुलं त्याच्या अलीकडे आणि कित्येक पलीकडे असणारच. शिवाय जुळी बरेचदा दिवस भरायच्या आधी जन्मतात. तुमची महिनाभर आधी झाली असतील, तर तो महिना त्यांच्या पदरात टाका.

तुमच्या कुतूहलाच्या प्रश्नाचा तर चक्क जुळ्यांवरच अभ्यास झालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये मर्टल मॅकग्रॉ नावाच्या संशोधक होत्या. त्यांनी अगदी एकसारख्या जुळ्या भावांच्या जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला तान्हा असल्यापासून दिवसभर तासातासाला पॉटवर धरलं, दुसऱ्याला वर्ष उलटून जाईपर्यंत धरलंच नाही. १९४० साली त्यांनी निष्कर्ष मांडला. ज्याला महिनोन्‌महिने बसवलं त्याला त्या कष्टांचा काहीच लाभ झाला नव्हता. उशिरा सुरुवात झालेला भाऊ बघता बघता त्याच्या बरोबरीला आला. मूत्राशयाचा आणि मेंदूचा संवाद जुळायला जो वेळ लागतो तो लागतोच, तासाच्या ठोक्याला उचलून बसवल्याने तो लवकर जुळत नाही. एकाच बीजाच्या भावांची ही गोष्ट, मग तुमची तर दोन वेगळी मुलं आहेत.

हे वाचून सासूबाईंचं म्हणणं खोटं ठरलं असं मात्र समजू नका. त्या खरं तेच सांगताहेत. आपल्याकडे आई किंवा आजी जमिनीवर पाय लांब करून बसायची, दोन्ही पावलं थोडी फाकवून त्यावर बाळाला उकिडवं टेकवायची, पाठीला हात द्यायची आणि तोंडाने "शूऽऽ" किंवा "शीऽऽ" असा आवाज काढत राहायची. पाजल्यावर, झोपेतून उठल्यावर हे ठरलेलं. काही दिवसांत बाळ त्या आवाजाला ओळखायचं. व्हिएतनाममधल्या आया याच कामासाठी शीळ घालतात. तिथल्या बाळांवर स्वीडिश आणि व्हिएतनामी संशोधकांनी मिळून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या सुमाराला ती बाळं पॉटवर करत होती आणि दोन वर्षांची होईपर्यंत बहुतेकांचं सगळं सुरळीत झालेलं होतं.

मग मॅकग्रॉबाईंचं खरं की आजींचं? माझ्या मते दोघींचं. न्यूयॉर्कमधल्या त्या बाळाला घड्याळ पाहून उचललं जात होतं. आजी बाळाकडे पाहून उचलायची. बाळ कण्हायला लागलं, एकटक पाहायला लागलं, पाय पोटाशी घ्यायला लागलं की तिला कळायचं. ओला लंगोट बाळालाही लगेच टोचायचा. आजच्या डायपरमधली ओल शोषणारी पावडर एवढी कामाची आहे की शू झाली हे ना मुलाला कळत, ना मोठ्यांना. डायपर वापरल्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. दोन बाळं, पावसाळ्यात न वाळणारी दुपटी आणि सकाळची लोकल हे सगळं सांभाळताना डायपरने तुम्हाला वर्षभराची झोप दिली आहे. सव्वादोन वर्षांच्या मुलाला आता पायांवर घेता येणार नाही, आजींच्या गुडघ्यांनी तर नाहीच. पण त्यांची ती नजर तुमच्या घरातच आहे आणि जुळ्यांच्या बाबतीत तिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. सासूबाईंना पद्धती समजावत बसू नका. उलट विचारा, "आई, हिला लागली हे तुम्हाला कशावरून कळतं? आणि ह्याला?" त्या दोघांची दोन उत्तरं देतील. पहिले तीन-चार दिवस नुसतं तेवढंच टिपायचं : कोण किती वेळ कोरडं राहतं, कोणाची शी नाश्त्यानंतर होते, कोणाची दुपारच्या झोपेआधी. दीड-दोन तास कोरडं राहायला लागलेलं मूल शिकायला तयार असतं.

एकदम की एकेक? माझं स्पष्ट मत असं, की पॉट दोघांना एकाच दिवशी द्या, डायपर मात्र ज्याची त्याची वेळ आल्यावर सोडवा. मुलीचा जागेपणीचा डायपर आत्ताच काढायला हरकत नाही. मुलाचा राहू दे. तो बहिणीशेजारी कपड्यांसकट बसला तरी पुष्कळ. जुळ्यांना शिकवायला मोठी माणसं लागतात त्याहून जास्त शेजारी बसलेलं भावंड लागतं, पाहून पाहूनच मुलं उचलतात. दोघांचे डायपर एकाच सकाळी काढून टाकले तर एकटीने सांभाळणाऱ्या आजींच्या हातात फक्त फडकं उरेल आणि चिडचिड मुलांपर्यंत पोचेल. ही सुरुवात तुम्ही दोघं घरी असाल अशा जोडून आलेल्या सुट्टीत करा. मे महिना त्यासाठी उत्तम. उकाड्यात मुलं नुसत्या चड्डीवर किंवा त्याशिवाय वावरली तरी चालतं आणि धुतलेलं तासाभरात वाळतं. जुलैत हेच सगळं पंख्याखाली दोरीवर टांगावं लागतं.

पॉट दोन हवेत, बुटके, पाय जमिनीला टेकतील असे, आणि एकाच रंगाचे. वेगळे रंग घेतले की भांडण ठरलेलं. ओळखीसाठी चित्र चिकटवा, ते ज्याने त्याने निवडावं. सकाळी सहा ते आठ तुमच्या एकुलत्या संडासाला सवड नसणार, म्हणून पॉट मोरीत किंवा पॅसेजच्या कोपऱ्यात कायम मांडलेले असू द्या. कमोड वापरणार असाल तर वर छोटी सीट आणि पायाखाली पाट हवाच. पाय लोंबकळले की जोर लावता येत नाही. गुडघे कंबरेच्या वर आले की शीचा मार्ग सरळ होतो, उकिडवं बसण्याचा फायदा तो हाच. फ्लशच्या आवाजाला पुष्कळ मुलं घाबरतात, तेव्हा ती बाहेर गेल्यावर ओढा. मुलाला सुरुवातीला बसूनच शू करू द्या, उभ्याने करणं मागाहून येतं. मुलीला धुताना हात पुढून मागे न्या. कामवालीलाही हे सांगून ठेवा.

खाल्ल्यावर आतड्यांना आपोआप चालना मिळते. त्यामुळे नाश्त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी बसवणं सोयीचं. पाच मिनिटं पुरे. झाली तर झाली, नाही तर उठवा. मोबाइल दाखवून अर्धा अर्धा तास बसवून ठेवलेलं मूल मोबाइलसाठी बसतं, शीचं त्याला भान राहत नाही.

आता मुलाचं. त्याला पॉटपर्यंत ओढत आणू नका, पॉटच त्याच्या कपाटामागे न्या. पहिल्या टप्प्यात डायपर घालूनच त्या कोपऱ्यात पॉटशेजारी शी करू दे. मग डायपरसकट पॉटवर बसून. ते अंगवळणी पडलं की डायपर सैल बांधा, आणखी काही दिवसांनी तो नुसता पॉटच्या भांड्यात अंथरा. मधल्या काळात त्याची शी त्याच्यादेखत पॉटमध्ये टाका, म्हणजे ती कुठे जायची हे त्याला दिसेल. रडला तर एक टप्पा मागे या. याला पंधरा दिवस लागतील किंवा दोन महिने. यात घाई केली तर मुलं शी धरून ठेवायला लागतात आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं. धरलेली शी सुकते, खडा होतो, बाहेर येताना दुखतं, दुखतं म्हणून मूल आणखी धरतं. तो अंग ताठ करतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून विचारते : त्याची शी घट्ट, खड्यासारखी होते का? होत असेल तर पॉट महिनाभर विसरा आणि आधी पोट मऊ करा. दिवसभरात दूध अर्ध्या लिटरच्या वर नको, बाटली असेल तर ती सुटायला हवी. मैद्याची बिस्किटं कमी करा. पपई, भिजवलेल्या मनुका, वरणात शिजवलेली पालेभाजी आणि पुरेसं पाणी एवढ्याने बहुतेकांचं भागतं. नाही भागलं तर बालरोगतज्ज्ञ औषध देतात, ते त्यांनी सांगितलं तेवढे दिवस द्या. दोन दिवस बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

जुळ्यांच्या घरात एक वाक्य फार सहज तोंडून निघतं : "बघ, ती कशी शहाण्यासारखी करते!" ते वाक्य घरातून हद्दपार करा. आजोबा-आत्या-शेजारीण सगळ्यांना सांगा. मुलाला त्यातून पॉटचा राग येतो आणि बहिणीचाही. उलटंही घडतं. दिवसभर सगळे भावाच्या शीच्या मागे धावताना दिसले की कोरडी राहणारी मुलगी पुन्हा चड्डी ओली करायला लागते. तिला आपल्याकडे कोणी पाहत नाही असं वाटत असतं. म्हणून तिच्या कोरड्या वेळेतही तिला जवळ घ्या, तिच्याशी बोला. चड्डी ओली झाली तर आवाज न चढवता "ओली झाली, चल बदलू" एवढंच. बक्षीस म्हणून चॉकलेट मला पसंत नाही. एकाला मिळालं आणि दुसऱ्याला नाही, तर त्या संध्याकाळी घरात काय होईल हे तुम्हाला माहीत आहे.

रात्रीचं आत्ता मनावरच घेऊ नका. झोपेतलं नियंत्रण वेगळ्या वाटेने, शरीर रात्री लघवी कमी बनवायला लागल्यावर येतं. पाच वर्षांच्या मुलांतही दर शंभरात पंधराएक गादी ओली करतात आणि बहुतेकांचं पुढे आपोआप थांबतं. रात्री डायपर असू द्या, लोकलने आजोळी जातानाही असू द्या.

प्लेग्रुपचं म्हणाल, तर दोन-सव्वादोन वर्षांची मुलं घेणाऱ्या कोणीही ओल्या चड्डीची तयारी ठेवली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बालवाडी सुरू केली. आधी स्वच्छ होऊन या, मग शाळेत घेऊ, अशी अट त्यांनी घातली नाही. मुलांची स्वच्छता हा तिथल्या रोजच्या कामाचाच भाग होता, आणि मुलं येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तुम्ही बाईंना भेटून सरळ सांगा : मुलगी दिवसा डायपरशिवाय राहते, मुलगा शिकतोय, दप्तरात प्रत्येकी तीन चड्ड्या आणि एक पिशवी असेल. दर तासा-दीड तासाला सगळ्या मुलांना नेता का, तिथला संडास मुलांच्या उंचीचा आहे का, धुवायला मदत कोण करतं, हेही विचारा. तरीही नाहीच म्हणाले तर मुलाला दिवाळीनंतर पाठवा. मुलगी जूनपासून एकटी गेली तर काही बिघडत नाही. जुळ्यांना कधी कधी तसा मोकळा वेळ हवाच असतो.

डॉक्टरांना मात्र पुढच्या गोष्टींसाठी दाखवा, थांबू नका : शू करताना जळजळ किंवा ताप, शीत रक्त, मुलाची शूची धार बारीक किंवा थेंब थेंब, सतत ओली राहणारी चड्डी, काही महिने कोरड्या राहिलेल्या मुलीचं अचानक पुन्हा सुरू होणं. चार वर्षांपर्यंत दिवसाचं जमलं नाही तरीही दाखवा. त्याआधी कुणी "अजून डायपर?" असं विचारलं, तर "हो, शिकतोय" एवढं उत्तर पुरतं.