उन्हाळ्याच्या प्रवासात इन्शुलिन



उन्हाळा लागला की लग्ने, मेळावे आणि गुजरातकडची मजुरी यांसाठी आपल्या लोकांचा प्रवास वाढतो. याच दिवसांत नंदुरबारच्या पाड्यांवर मला एक वाक्य वारंवार ऐकू येते : “ताई, वाटेत बर्फ कुठून आणणार? म्हणून सुई घरीच ठेवली.”

इन्शुलिन थोडे गरम होण्यापेक्षा ते घ्यायचे राहून जाणे फार घातक आहे. काही मुलांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही. त्यांचे डोस चुकले तर एक-दोन दिवसांत उलट्या, धाप, गुंगी सुरू होते आणि जिवावर बेतते. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत 14 वर्षांच्या मुलाला पहिले इन्शुलिन टोचले गेले. त्याआधी अशी मुले फार काळ जगत नसत.

न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची असते, हे खरे. पण वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत 25 ते 30 अंशांपर्यंत साधारण 4 आठवडे चालते. नेमके किती, ते खोक्यातल्या कागदावर असते. वाचता येत नसेल तर आशाताईंकडून वाचून घ्या. म्हणजे प्रश्न फक्त चाळिशीपार गेलेल्या उन्हाचा आहे, आणि त्यावर माठाचीच युक्ती चालते. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. त्यावर ओले सुती फडके गुंडाळा आणि वारा लागेल अशा कापडी झोळीत, सावलीत ठेवा. डब्यात कोंडू नका. पाणी उडून गेले तरच गारवा येतो. फडके सुकले की पुन्हा भिजवा. पावसाळी दमट हवेत मात्र हा उपाय कमी पडतो. तेव्हा थर्मास माठाच्या पाण्याने गार करून, पुसून, त्यात बाटली ठेवावी.

बर्फाला बाटली टेकू देऊ नका. गोठलेले इन्शुलिन वितळले तरी निकामीच. जीपच्या टपावर, काचेजवळ किंवा इंजिनाशेजारी ठेवू नका.

स्वच्छ दिसणारे इन्शुलिन गढूळ झाले, किंवा दुधाळ प्रकारात हलवूनही गुठळ्या राहिल्या, तर टाकून द्या. उष्णतेने बिघडलेले इन्शुलिन कधीकधी दिसायला चांगलेच असते. कारण नसताना साखर चढू लागली तर मनाने मात्रा वाढवू नका. दवाखाना गाठून बाटली बदलून घ्या.

काहीजण विचारतात, प्रार्थना केल्यावर सुई कशाला? शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, एवढेच मी त्यांना सांगते.

दूर जाताना एक जादा बाटली, सुया आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या. झोळीत साखरेची पुडीही असू द्या. उन्हात पायी चालून, जेवण लांबले की साखर एकदम उतरते.